आबांचा नारळ आणि लेकीचा प्रश्न: देव आहे की नाही, हे सिद्ध करता येतं का?

पांझराकाठ (धागाकर्ता)

मंडळी, राम राम. विषय मोठा आहे, पण तो माझ्या घरात एका बोअरवरून आला, म्हणून आधी तेवढं सांगतो.

साक्री तालुक्यात आमची सात एकर जमीन. कांदा, कपाशी, थोडं डाळिंब. यंदा मार्चमध्येच विहिरीने तळ दाखवला. आबा म्हणाले, बोअर घेऊ, पण पॉइंट पाणाड्याकडूनच काढायचा. शेजारच्या गावचे एक म्हातारे बाबा आले. पायातल्या वहाणा बांधावर काढल्या, उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे, आणि चालू लागले. चिंचेच्या पलीकडे गेल्यावर नारळ हळूहळू उठला आणि उभा राहिला. मी दोन हातांवर होतो. बाबांच्या मनगटाची शीर ताठ झाली होती, बोटं थरथरत होती, कपाळावर घाम. माणूस ढोंग करत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

रात्री गाडी आली. ४२० फुटांपर्यंत नुसती राखाडी भुकटी. सकाळी कपाशीच्या पऱ्हाट्या पीठ शिंपडल्यासारख्या दिसत होत्या. आबा म्हणाले, "देवाची मर्जी नव्हती." आठ दिवसांनी त्याच बाबांनी नाल्याजवळ दुसरा पॉइंट दिला. २६० फुटांवर भुकटी ओली झाली, मग चिखल, मग पाणी. दोन इंच. आबांनी गाडीसमोर नारळ फोडला आणि म्हणाले, "देवानेच दिलं."

माझी लेक अकरावी सायन्सला आहे. तिने जेवताना विचारलं, "आबा, पाणी नाही लागलं तरी देव आणि लागलं तरी देव. मग देव नसता तर आपल्या वावरात काय वेगळं दिसलं असतं?"

आबा चिडले नाहीत. ते गप्प राहिले आणि मीही. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. देव आहे हे सिद्ध करता येतं का? आणि नाही हे तरी सिद्ध करता येतं का? कृपा करून कुणी कुणाची टिंगल करू नका. माझे वडील आणि माझी मुलगी, दोघंही मला सारखेच प्रिय आहेत.

अमळनेरचा_मास्तर

तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. हा प्रश्न विचारायला लोकांना अर्धं आयुष्य लागतं.

मी अमळनेरला वाढलो. प्रताप शेठजींनी १९१६ साली आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात बंगालपासून विद्वान येऊन राहत, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस इथे होता. साने गुरुजी इथल्या शाळेत मास्तर होण्याआधी या मंदिरात होते. तेव्हा या प्रश्नाला खानदेशात जुनं घर आहे.

आपल्याकडे देव 'सिद्ध' करण्याची सगळ्यात मोठी खटपट नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी केली. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी त्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिला. मुख्य मुद्दा आपल्या आखाजीच्या घागरीइतका साधा आहे. घागर दिसली की कुंभार असणार, कारण घडवलेल्या वस्तूला घडवणारा असतो. पृथ्वी, डोंगर हेही घडवलेले आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता आहे.

आता गंमत बघा. हा युक्तिवाद मोडायला नास्तिकांची वाट बघावी लागली नाही. वेद मानणाऱ्या मीमांसक कुमारिल भट्टांनी सातव्या शतकातच विचारलं होतं, की सृष्टीच्या आधी देवाला शरीर होतं का? नसेल तर त्याला इच्छा कशी झाली? दयेपोटी सृष्टी केली म्हणावं, तर तेव्हा दया करायला होतं कोण? सांख्य दर्शनाच्या सांख्यसूत्रात तर सरळच म्हटलंय, ईश्वर सिद्ध होत नाही. आणि रामानुजाचार्य, ज्यांच्याइतका भक्त शोधून सापडणार नाही, त्यांनी लिहिलं की अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही. घागरीवरून निघालात तर हाती येईल तो कुंभारासारखाच, हातापायांचा आणि चुका करणारा कर्ता. शिवाय सगळी मडकी एकाच कुंभाराने केली, हे तरी कशावरून? ते म्हणाले, ईश्वर कळतो तो शास्त्रातून.

म्हणजे आपल्या परंपरेत आस्तिक असणं आणि 'देव सिद्ध होतो' असं म्हणणं, या दोन गोष्टी कधीच एक नव्हत्या. हे आज लोक विसरलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

कोथळीची_वारकरी

मास्तर, छान लिहिलंत. मी मुक्ताईच्या पालखीबरोबर चालते. कोथळीपासून पंढरपूर, महिन्याहून जास्त दिवस. मला कुणी कधी विचारलं नाही की ताई, विठोबा सिद्ध झाला का. आई आहे हे कुणी सिद्ध करत बसतं का? दारात उभं राहून हाक मारली की ती ओ देते.

श्रावणात आमच्या घरी कानबाई बसते. नारळालाच डोळे लावतात, नथ घालतात, साडी नेसवतात. त्याच्या आतलं खोबरं आम्हाला माहीत नाही का? आम्हीच तो बाजारातून आणतो. तरी रात्रभर जागून गाणी म्हणतो, आणि सकाळी विसर्जनाला नेताना माझ्या सासूबाईंच्या डोळ्याला धार लागते. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, त्यासाठी वर्षभर न बोलणारे दोन चुलत दीर एका पंगतीला बसतात. हे सिद्ध-असिद्धच्या काट्यावर कसं तोलणार?

पाटणादेवीचा_गणितवाला

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, त्यावर मी बोट ठेवत नाही. पण आईचं उदाहरण मला थोडं अडतं. आई ओ देते ते शेजाऱ्यालाही ऐकू येतं. तुमच्या विठोबाची ओ तुम्हालाच येते. फरक आहे, आणि तो मान्य करायला हवा.

मी चाळीसगावकडे गणित शिकवतो. 'नाही' हे कधीच सिद्ध करता येत नाही, असं लोक ठोकून देतात. चूक आहे ते. ज्याचा वर्ग बरोब्बर दोन येतो असा अपूर्णांक नाही, हे आम्ही नववीच्या वर्गात अर्ध्या फळ्यात सिद्ध करतो. तसा अपूर्णांक आहे असं धरून चाललं की आपलंच बोलणं आपल्याला खोटं पाडतं, तिथे विषय संपतो. तसंच देवाची व्याख्या स्वतःशीच भांडत असेल, तर त्या व्याख्येचा देव नाही, हे घरबसल्या सिद्ध होतं. सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि पूर्ण दयाळू, असे तिन्ही गुण एकत्र धरा, आणि मग कांदा काढणीच्या दिवशी पडलेली गारपीट समोर ठेवा. तो थांबवू शकतो, त्याला माहीत आहे, त्याला कळवळाही आहे, आणि तरी गारा पडल्या. यातलं काहीतरी सोडावं लागतं. लोक म्हणतात, आपल्याला न कळणारं काही कारण असेल. असेल. पण मग 'दयाळू' या शब्दाचा आपण लावतो तो अर्थ तिथे लागू नाही, हे कबूल करावं लागतं.

उलट बाजूनेही प्रयत्न झाले. अकराव्या शतकात अँसेल्म नावाच्या ख्रिस्ती साधूने नुसत्या व्याख्येतून देव काढला. ज्याहून मोठं काही कल्पिता येत नाही तो देव. तो फक्त मनात असेल, तर प्रत्यक्षात असलेला त्याहून मोठा ठरेल. म्हणून तो प्रत्यक्षात आहेच. १७८१ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने दाखवलं की 'असणं' हा वस्तूचा गुण नव्हे. खिशातल्या कल्पनेच्या शंभर नाण्यांना 'आहेत' हा गुण चिकटवून खिसा जड होत नाही. गोडेलसारख्या गणितज्ञानेही अशी एक सिद्धता लिहून ठेवली होती. २०१३ मध्ये तिची एक सुधारलेली आवृत्ती संगणकावर तपासली गेली, पायऱ्या बरोबर निघाल्या. पण पायऱ्या बरोबर असणं वेगळं आणि पहिली गृहीतकं खरी असणं वेगळं. ती खरी मानायची का, हे संगणक सांगत नाही.

आमच्या पाटणची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांनी शून्याने भागून येणाऱ्या राशीला 'खहर' म्हटलं, आणि लिहिलं की तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही, जसा सृष्टी आणि प्रलयात असंख्य जीव येऊन-जाऊनही अनंत अच्युत बदलत नाही. मी ते दरवर्षी वर्गात सांगतो. त्यांनी देवावरून गणित सिद्ध केलं नाही आणि गणितावरून देवही नाही. फक्त उपमा दिली, आणि ती उपमाच ठेवली. मला ते फार प्रामाणिक वाटतं.

भूजल_धुळे

मी देवाबद्दल बोलणार नाही, दगडाबद्दल बोलतो. भाऊ, साक्री-धुळे-नंदुरबार पट्ट्यात लाव्हाच्या थरांना चिरत गेलेल्या उभ्या भिंती आहेत, डाइक म्हणतात. बहुतेक पूर्व-पश्चिम जातात. रस्त्याने जाताना माळावर काळ्या दगडांची लांबच लांब सरळ टेकडी दिसते ना, ती हीच. डाइक घट्ट असेल तर जमिनीखालचं पाणी अडवते, तडकलेली असेल तर तिच्या बाजूने पाणी वाहतं. त्यामुळे पन्नास पावलांवर एक बोअर कोरडं आणि दुसऱ्याला दोन इंच, हे आपल्याकडे रोजचं आहे. तुमचा दुसरा पॉइंट नाल्याजवळ होता, यातच अर्धं उत्तर आलं.

पाणाड्याची परीक्षा मात्र घेता येते. १९९० साली जर्मनीत कासेलला घेतली होती. तीस जण होते, सगळे स्वतःवर विश्वास असलेले. अर्धा मीटर खोल पाइप पुरलेला, त्यातून पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. अंदाजाने जेवढं बरोबर येतं, तेवढंच आलं. आणि तुम्ही म्हणता तसं, ते ढोंगी नव्हते. हाताचे स्नायू नकळत हलतात, ते धरणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही.

रात्रपाळी_जळगाव

मी नर्स आहे, तेवीस वर्षं झाली. आयसीयूबाहेर सगळ्या धर्मांची माणसं एकाच बाकावर बसून आपापल्या देवाला हाक मारताना मी रोज बघते.

प्रार्थनेचीही तपासणी झाली आहे. २००६ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, बायपास झालेले १,८०२ रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि हे त्या रुग्णांना सांगितलं नाही. त्या दोन गटांत गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय. त्यांच्यात ५९ टक्के. कदाचित धास्ती घेतली असेल, की आपली तब्येत एवढी वाईट आहे का.

यावरून देव नाही असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, की प्रार्थना म्हणजे औषधाचा डोस आहे असा कुणी दावा केला, तर तो दावा तपासला गेलाय आणि टिकला नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो का? गणपती दूध प्यायला लागले म्हणून आमच्या गल्लीत रांग लागली होती. मी शाळेत होते, आईबरोबर उभी राहिले. चमचा सोंडेला टेकवला की दूध कमी व्हायचं. नंतर शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन दाखवलं, पृष्ठताणामुळे दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळत होतं. आई ते ऐकून हिरमुसली नाही. म्हणाली, "दूध तपासलं, बरं झालं. मी काय दुधासाठी हात जोडते का?"

बोदवडचा_भाचा

मी इथे नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या मोठ्या भावाला रक्ताचा आजार होता. उपचार चालू होते. नातेवाइकांनी एका महाराजांकडे नेलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यांनी सांगितलं, अमुक पूजा केली की बरा होईल, खर्च सांगितला, आम्ही दिला. बैलजोडी विकली त्यासाठी. भाऊ गेला. मी विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "तुमची श्रद्धा कमी पडली." मी म्हणालो, आम्ही सगळं केलं. तर म्हणाले, "ईश्वर निर्गुण निराकार आहे, त्याला हिशोब विचारायचा नसतो."

पांझराकाठच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि मला तो दिवस आठवला. बरा झाला असता तर पूजेने, गेला तर आमच्यामुळे. तिने विचारलं तेच मला त्या दिवशी विचारायचं होतं. शब्द सापडले नव्हते.

अमळनेरचा_मास्तर

भाचे, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. तुम्ही या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितलीत, म्हणून जरा नेटाने लिहितो.

'देव' या एका शब्दात दोन वेगळे देव बसवलेले असतात. एक, जो काहीतरी ठरावीक करतो: पूजेनंतर आजार बरा करतो, नारळ उभा करतो. या देवाबद्दलचं प्रत्येक विधान तपासता येतं, आणि जिथे नीट तपासलं तिथे ते आजवर पडलेलं आहे. दुसरा, ज्याला शंकराचार्य 'नेति नेति', म्हणजे 'हे नव्हे, हे नव्हे', म्हणून दाखवतात. तो कुठल्याच प्रयोगात सापडणार नाही, कारण तो 'सापडण्याची' वस्तूच नाही. तो सिद्ध होत नाही आणि खोटाही पडत नाही. त्याच्याविषयी माणसाने विचार करावा, मौन धरावं, नाहीतर ताईंसारखं चालत जावं.

अपराध घडतो तो या दोन घरांच्या मधल्या बोळात. पैसे घेताना पहिला देव पुढे करायचा आणि जाब विचारला की दुसऱ्याच्या मागे लपायचं. तुमच्या भावाच्या बाबतीत हेच झालं. ज्याने निर्गुणाचं नाव घेतलं त्याला पूजेचा दर सांगायचा अधिकार नाही, कारण निर्गुणाला पूजा पोचते असा दावाच त्याला करता येत नाही. आणि ज्याने दर सांगितला, त्याने हिशोब दिलाच पाहिजे. डॉ. दाभोलकरांनी आयुष्यभर हीच रेघ ओढली. आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावरच्या शोषणाला आहे, असं ते सांगत. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. त्या कायद्याने देव आहे की नाही या प्रश्नाला हात लावलेला नाही. हात घातलाय तो फसवणुकीला आणि अघोरी प्रकारांना.

कोथळीची_वारकरी

भाऊ, तुमच्या भावाबद्दल वाचून पोटात तुटलं. माझा विठोबा बैलजोडी मागत नाही.

गणितवाल्या सरांना सांगते, तुमचं खरं आहे. माझी ओ मलाच ऐकू येते. ते मी यापुढे कुणाला पुरावा म्हणून सांगणार नाही. पण गारपिटीचं जे लिहिलंत, त्यावर बोलते. आमच्या केळीचा बाग वादळात आडवा झाला होता तेव्हा मी देवाला कारण विचारलं नाही. त्याला शिव्या दिल्या. नामदेवांनी, जनाबाईंनीही विठ्ठलाशी भांडण केलंय. 'दयाळू' या शब्दाची व्याख्या मोडली असेल, पण भांडायला समोर कुणीतरी होतं. तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी उठून खांब सरळ करायला गेले.

पाटणादेवीचा_गणितवाला

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते खोडायचंही नाही. माझं म्हणणं विधानांपुरतं होतं. तुम्ही सांगताय ते विधान नाही.

पांझराकाठ (धागाकर्ता)

उशीर झाला, माफ करा. मध्ये कांद्याची गडबड होती. आणि आणखी एक गोष्ट केली, ती सांगायची होती.

लेकीने भूजल भाऊंचा प्रतिसाद आबांना वाचून दाखवला. आबा म्हणाले, "मग आपण बी करी पाहू." पाणाड्या बाबांना मी स्वतः जाऊन विचारलं, सगळं समजावून सांगितलं. ते तयार झाले. म्हणाले, "मालेबी पाह्यनं शे." परवा सकाळी वावरात आले. आधी उघड्या डोळ्यांनी एक पट्टा चालले, नारळ तीन ठिकाणी उठला. लेकीने तिथे मातीत खुंट्या ठोकल्या, जमिनीबरोबर, वर काही दिसणार नाही अशा. मग बाबांच्या डोळ्यांना आबांचा रुमाल बांधला, दोन गिरक्या घेतल्या आणि त्याच पट्ट्यावरून चार वेळा नेलं. मी हात धरून चालत होतो.

नारळ दर वेळी उठला. जोरात उठला. पण खुंटीच्या जवळ चार फेऱ्यांत मिळून एकदाच. बाकी कुठेही.

रुमाल सोडल्यावर बाबा बराच वेळ जमिनीकडे बघत बसले. लेकीने त्यांना पाणी दिलं. ते मला म्हणाले, "चाळीस वर्सं झायी, कधी डोया बांधी पाह्यनं नव्हतं." त्यांनी दक्षिणा घेतली नाही. मी आग्रह केला, तरी नाही घेतली. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो.

घरी आल्यावर लेकीने आबांना विचारलं, मग देवाचं काय? आबा म्हणाले, "नारळ चुकना. देवनं माले माहीत नही, कालबी नव्हतं." ती त्यावर काही बोलली नाही. संध्याकाळी ती दिवा लावत होती तेव्हा आबा तिच्या शेजारी उभे होते, एवढं मी पाहिलं.

मास्तर, तुमची दोन देवांची गोष्ट मी आबांना सांगितली. ते म्हणाले, मास्तरांना आखाजीला घरी बोलाव, सांजोऱ्या खायला.

भूजल भाऊ, तुमच्यासाठी एक काम आहे. आबांना चिंचेच्या वरच्या अंगाला, माळावर ती काळ्या दगडांची सरळ रांग सापडली. मी इतकी वर्षं तिच्यावर बसून डबा खाल्लाय. आमचं वावर तिच्या उत्तरेला आहे, नाला दक्षिणेला. पहिलं कोरडं बोअर पुन्हा भरायला शोषखड्डा करायचा झाला तर तो रांगेच्या कोणत्या बाजूला घ्यावा? आबा विचारताहेत.

भूजल_धुळे

आबांना सांगा, आधी खणू नका. रविवारी येतो. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी आधी मोजू, दोरी आणि टेप मी आणतो. लेकीला वही घेऊन बसायला सांगा.